हजेरीपटाची नक्कल : माहितीच्या अधिकाराचा गावपातळीवरचा इतिहास

१/
माहितीचा अधिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली, संसद आणि २००५ चा कायदा उभा राहतो. परंतु या कायद्याचे मूळ एका अगदी साध्या कागदात आहे. तो कागद म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांचा हजेरीपट, बोलीभाषेतले 'मस्टर'. तो पाहायला मिळावा आणि त्याची नक्कल हाती यावी, एवढ्यासाठी राजस्थानातील मजूर आणि लहान शेतकरी दशकभर झगडले. त्या झगड्याची आणि त्यातून महाराष्ट्रापर्यंत आलेल्या वाटेची ही हकिकत. (दीर्घ धागा)

२/
प्रथम थोडे मागे जाऊ. सरकारी कागद सामान्य माणसाला दाखवावा, हा विचार जगात कधी कायद्यात उतरला? २ डिसेंबर १७६६ रोजी, स्वीडनमध्ये. मुद्रणस्वातंत्र्याच्या त्या कायद्याने सरकारी दस्तऐवज पाहण्याचा आणि छापण्याचा हक्क नागरिकांना दिला. त्यासाठी झटणाऱ्यांत आंदेर्स क्युडेनियस हा धर्मोपदेशक अग्रभागी होता. आपल्याकडे त्या वेळी पेशवाईत थोरले माधवराव कारभार पाहत होते. २ डिसेंबर ही तारीख लक्षात ठेवा. ती या हकिकतीत पुन्हा येणार आहे.

३/
हिंदुस्थानात इंग्रजी अमलात दोन परस्परविरोधी प्रवाह दिसतात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने 'सार्वजनिक दस्तऐवज' ही संकल्पना मान्य केली. त्याच्या कलम ७६ नुसार, ज्याला असा दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्याने मागणी करून फी भरली, की संबंधित अधिकाऱ्याने त्याला साक्षांकित प्रत द्यावी. वाचताना हे उदार वाटते. पण मेख पहिल्याच अटीत होती. पाहण्याचा हक्क नेमका कोणाला, हे कलम सांगत नव्हते.

४/
दुसरा प्रवाह गोपनीयतेचा. १८८९ मध्ये सरकारी गुपितांचा कायदा आला आणि कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, तो अधिक कडक झाला. मूळ रोख लष्करी आणि आरमारी गुपितांवर होता. नव्या विधेयकाने मुलकी कारभाराच्या बाबीही त्याच पंक्तीला आणून बसवल्या. केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला ठाम विरोध करणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. वृत्तपत्रांनी कारभारावर टीका करावी तरी कशी, हा त्यांच्या विरोधामागचा प्रश्न होता. विधेयक तरीही मंजूर झाले.

५/
१९२३ मध्ये हा कायदा नव्या रूपात आला आणि स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. राज्य बदलले, संविधान आले, प्रौढ मताधिकार आला; कचेरीतल्या कपाटाची किल्ली मात्र जुन्याच हातात राहिली. धरणाचा आराखडा आणि गावच्या नाल्यावरील बांधाचा हिशेब यांत गोपनीयतेच्या दृष्टीने काही फरक असतो, हे कारकुनाच्या गावीही नव्हते. कागद सरकारी, म्हणून तो गुप्त, अशी सवयच जडली होती.

६/
न्यायालयाने या सवयीला धक्का दिला तो १९७५ मध्ये. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण या खटल्यात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी स्पष्ट केले की लोकांचे सेवक जे सार्वजनिक काम करतात, ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. तत्त्व मान्य झाले. पण ग्रामपंचायतीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने हे तत्त्व हातात घेऊन करायचे काय? अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळणार, नकार दिल्यास शिक्षा कोणाला, याचा कोठेच पत्ता नव्हता.

७/
आता राजस्थानात येऊ. अरवलीच्या टेकड्यांचा कोरडा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, शेती तुटपुंजी. दुष्काळ पडला की सरकार रस्ते, बांध, तलाव यांची कामे काढी आणि गावेच्या गावे त्यांवर मजुरीला जात. महाराष्ट्रालाही हे चित्र परके नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात आणि त्यातून आकाराला आलेली रोजगार हमी योजना आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जवळून पाहिली आहे.

८/
१९८३ मध्ये संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दुष्काळी कामावरील मजुरालाही किमान वेतन मिळालेच पाहिजे. काम दुष्काळनिवारणाचे आहे, या सबबीखाली कमी मजुरी देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठच होय, अशी त्यामागची भूमिका. कागदावर मजूर जिंकले. प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम मात्र अनेक ठिकाणी तेवढीच तोकडी राहिली.

९/
असे का घडले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उमगणार नाही. मजुरी दिवसावर नव्हे, तर झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरे. मोजमाप घेणारा कनिष्ठ अभियंता, हजेरी मांडणारा मुकादम, पैसे वाटणारा दुसराच. मजुराने तक्रार केली की उत्तर ठरलेले : तुमच्या टोळीने काम कमी केले, नोंद तशी आहे. नोंद दाखवा म्हटले, तर ते सरकारी कागद आहेत, दाखवता येत नाहीत.

१०/
म्हणजे मजुराच्या घामाचा एकमेव पुरावा त्याच्याच विरुद्ध वापरला जात होता आणि तो पाहण्याची त्याला मुभा नव्हती. कायदा त्याच्या बाजूने होता, सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूने होते. अडत होते ते एका कागदापाशी. मजुरीचा प्रश्न हा मुळात माहितीचा प्रश्न आहे, ही जाणीव ग्रंथांतून आली नाही. ती मजुरीवाटपाच्या रांगेत आली.

११/
ही जाणीव संघटित झाली ती राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या छोट्या गावातून. भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह १९८७ मध्ये तेथे राहायला आले. परिसरातील शेतकरी आणि मजुरांसह त्यांनी १ मे १९९० रोजी भीम येथे 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन केले. आरंभी उपोषणे झाली ती किमान वेतनासाठी. हळूहळू मागणी बदलली : आधी मस्टर दाखवा, देयके दाखवा, पावत्या दाखवा.

१२/
२ डिसेंबर १९९४. स्वीडनच्या कायद्याला त्या दिवशी बरोबर २२८ वर्षे पूर्ण झाली होती. अर्थात हा निव्वळ योगायोग. पाली जिल्ह्यातील कोट किराना गावात संघटनेने पहिली 'जनसुनवाई' भरवली. एका सहानुभूती असलेल्या अधिकाऱ्यामुळे विकासकामांचे काही कागद हाती आले होते. ते गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनाच खरेखोटे विचारायचे, एवढीच तिची रीत.

१३/
ही रीत साधी होती, म्हणूनच तिचा परिणाम दूरवर झाला. हिशेब तपासनीस कचेरीत बसून बेरीज तपासतो. बेरीज बरोबर असली की त्याचे समाधान होते. पण मस्टरवरचा अमुक माणूस त्या महिन्यात गावात होता की नाही, हे तपासनीसाला कळणे शक्य नाही. शेजाऱ्याला ते ठाऊक असते. वाचन सुरू झाले आणि कामावर कधीच न गेलेल्यांची नावे निघाली. मृतांचीही निघाली.

१४/
त्यानंतरच्या महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, थाना अशा ठिकाणी जनसुनवाया झाल्या. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतींना प्रत्यक्षात छप्पर नव्हते. ज्यांची देयके अदा झाली, त्या पुरवठादार पेढ्या अस्तित्वातच नव्हत्या. निरक्षर माणसांच्या गावात एका वाचणाऱ्या आवाजाने जे उघड केले, ते वर्षानुवर्षांच्या लेखापरीक्षणाला दिसले नव्हते.

१५/
साहजिकच विरोध सुरू झाला. ग्रामसेवकांच्या संघटनांनी नकला देण्यास नकार दिला. हिशेब तपासायचा तर सरकारी लेखापरीक्षकांनी तपासावा, गावाला तो अधिकार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद फेटाळण्याआधी समजून घ्यायला हवा. ग्रामसेवक वरिष्ठांना उत्तरदायी होता. खालच्या माणसाला उत्तर द्यावे लागेल, अशी त्याच्या नोकरीची घडणच नव्हती. संघर्ष व्यक्तींपेक्षा या घडणीशी होता.

१६/
५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत घोषणा केली की स्थानिक विकासकामांच्या कागदपत्रांच्या छायाप्रती नागरिकांना फी आकारून मिळतील. घोषणा झाली, आदेश मात्र निघाला नाही. वर्ष उलटले. अखेर ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरातील चांग दरवाजापाशी धरणे सुरू झाले. ते ४० दिवस चालले.

१७/
या धरण्याच्या आरंभीच सरकारने एक तोडगा काढला होता. नागरिकांनी कागद पाहावेत, हवे तर हाताने टिपून घ्यावेत. छायाप्रत मात्र मिळणार नाही. वरवर पाहता सरकार बरेच पुढे आले, असे कोणालाही वाटेल. संघटनेने तो तोडगा नाकारला. का?

१८/
उत्तर १८७२ च्या पुरावा कायद्यात आहे. हाताने टिपलेला मजकूर हा टिपणाऱ्याचा मजकूर. उद्या अधिकारी म्हणेल की असे आमच्या दप्तरी नाहीच. साक्षांकित प्रत हा मूळ दस्तऐवजाचा पुरावा ठरतो. ती न्यायालयात, पोलिसांत, ग्रामसभेत मांडता येते. शिवाय जो निरक्षर आहे, त्याने टिपून घ्यायचे तरी काय? पाहणे आणि मिळणे यांतले हे अंतर लढणाऱ्यांनी अचूक ओळखले होते.

१९/
ब्यावरच्या बाजारपेठेने या धरण्याला आपले मानले. भाजीवाल्यांनी भाजी दिली, कामगार संघटना आणि व्यापारी पाठीशी उभे राहिले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा याच आंदोलनाची. चार इयत्ता शिकलेल्या एका ग्रामीण कार्यकर्तीने दिल्लीत पत्रकारांना सांगितले, त्याचा आशय असा : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात धाडले तर परतल्यावर मी हिशेब विचारते, सरकार माझ्या नावावर लाखो खर्च करते, मग त्याचा हिशेब का विचारू नये?

२०/
ब्यावरनंतरही आश्वासनांपलीकडे काही हाती येईना. १९९७ च्या उन्हाळ्यात जयपुरात पुन्हा धरणे सुरू झाले. ते ५३ दिवस चालले. जुलैत उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की पंचायतीच्या कागदांच्या छायाप्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९९६ मध्ये, राजपत्रात निघालेली आहे! म्हणजे ज्या हक्कासाठी लोक उन्हात बसले होते, तो कागदोपत्री आधीच मिळालेला होता आणि त्याची माहिती ना आंदोलकांना होती, ना पत्रकारांना.

२१/
हक्काची अधिसूचना निघाल्याने सारे सुरळीत झाले, असे नाही. राजसमंद जिल्ह्यातील जनावद पंचायतीचे कागद मिळवायला वर्षाहून अधिक काळ पाठपुरावा करावा लागला. ३ एप्रिल २००१ रोजी तेथे जनसुनवाई झाली, तेव्हा न बांधलेली बांधकामे कागदावर सापडली. पुढे सरकारी चौकशीनेही मोठा गैरव्यवहार झाल्याचे मान्य केले. विलंब नेमका कशासाठी होता, हे कागद उघडल्यावर कळले.

२२/
एव्हाना देशभर हालचाल सुरू झाली होती. ब्यावरच्या पाठोपाठ १९९६ मध्येच लोकांच्या माहिती अधिकाराची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पुढाकाराने कायद्याचा मसुदा तयार झाला. मराठी वाचकांनी हे नाव विसरू नये. तमिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्ये आपापले कायदे केले. राजस्थानने २००० मध्ये. आंदोलनाची भूमी कायद्याच्या रांगेत पहिली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

२३/
महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला कायदा दुबळा होता. अण्णा हजारे आणि अनेक कार्यकर्त्यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये तो बाजूला सारून नवा आणला गेला. ऑगस्ट २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात एक नवी धार होती : माहिती देण्यास विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. याउलट केंद्राचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदा संमत होऊनही कधी अमलात आलाच नाही.

२४/
अखेर मे २००५ मध्ये संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम संमत केला आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी तो पूर्णपणे लागू झाला. त्याच दिवशी या कायद्याखालील पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. ३० दिवसांची मुदत, जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, दोन टप्प्यांचे अपील आणि विलंबासाठी कमाल २५,००० रुपयांचा दंड : १९७५ च्या निकालात ज्या गोष्टी नव्हत्या, त्या येथे आल्या.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी या कायद्यात दोन तरतुदी विशेष मोलाच्या आहेत. पहिली कलम ८(३) : वीस वर्षांहून जुन्या घटनेविषयीची माहिती, मोजके अपवाद वगळता, द्यावीच लागते. दुसरी कलम ४ : प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवले पाहिजेत आणि कारभाराची मूलभूत माहिती कोणी मागण्यापूर्वीच जाहीर केली पाहिजे. आपल्या गावचा, तालुक्याचा, नगरपालिकेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ही दोन कलमे पाठ करावीत.

२६/
प्रत्यक्षात काय मागता येते? ग्रामपंचायतीचे ठराव, ग्रामसभेचे इतिवृत्त, घरपट्टीच्या आकारणीचा नमुना ८, कामांची अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तिका, देयके. नगरपालिकेकडे जुने नकाशे आणि ठराव. साधा अर्ज, १० रुपये फी, प्रतीसाठी पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस फी नाही. अर्जात 'का हवे' हे सांगण्याची गरज नाही. पण 'काय हवे' हे नेमके लिहा : कोणता दस्तऐवज, कोणत्या वर्षाचा, कोणत्या कामाचा. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळते.

२७/
एक सावधगिरी. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम जतन करायचा, 'ब' ३० वर्षे; 'क' आणि 'ड' वर्गांचे आयुष्य त्याहून बरेच कमी. मुदत संपली की कागद नष्ट होतो आणि नष्ट झालेल्या कागदाला कोणताही कायदा परत आणू शकत नाही. म्हणून ज्याला आपल्या गावाचा अलीकडचा इतिहास नोंदवायचा आहे, त्याने 'पुढे पाहू' म्हणून थांबू नये. आजचा सामान्य हिशेबच उद्याचे साधन असतो.

२८/
या हक्काची किंमतही मोजावी लागली आहे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. जमिनींच्या व्यवहारांची कागदपत्रे ते सातत्याने उजेडात आणत होते. देशात असे ते एकटे नव्हते. कागद निरुपद्रवी असता, तर तो मागणाऱ्याची कोणाला भीती वाटली नसती.

२९/
आणि आता वर्तमान. कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीचा अपवाद आधीपासूनच होता. मात्र सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण करणारी माहिती एवढ्यापुरताच तो मर्यादित होता. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे निकष वगळले आणि 'वैयक्तिक माहिती' एवढाच आधार ठेवला. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्यास माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद अद्याप शिल्लक आहे. पण ते हित आहे की नाही, हे प्रथम ठरवणार तेच कार्यालय.

३०/
याचा अर्थ समजण्यासाठी कोट किरानाकडे पुन्हा पाहावे लागते. मस्टर म्हणजे काय? नावे, हजेरी, अंगठे आणि रकमा. म्हणजे सारी व्यक्तींचीच माहिती. ती नावे झाकून केवळ बेरीज दाखवली असती, तर त्या दिवशी कोणालाच काही सापडले नसते. मृत माणसाच्या नावे मजुरी उचलली गेली, हे बेरजेतून कळत नाही. ते नावातूनच कळते. खासगीपणाचे रक्षण आवश्यक आहे, यात शंका नाही. पण सार्वजनिक पैशाच्या नोंदीतील नाव हे केवळ खासगी असते काय, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे आहे.

३१/
इतिहास वाचणाऱ्यांना दप्तरांचे महत्त्व सांगायला नको. आपल्याला शिवकाल आणि पेशवाई कळते ती रुमालांत बांधून ठेवलेल्या जमाखर्चांतून, महजरांतून, पत्रांतून. ते लिहिणाऱ्यांच्या मनात इतिहास नव्हता. रोजचा हिशेब होता. आजच्या ग्रामपंचायतीतील कपाटातही तसाच हिशेब आहे. फरक एवढाच की तो पाहण्यासाठी दोनशे वर्षे थांबण्याची गरज उरलेली नाही. दहा रुपयांचा अर्ज पुरतो, आणि तो अर्ज करण्याचा हक्क कोणी कसा मिळवला, ते आता आपल्याला ठाऊक आहे.

(समाप्त)